रात्री पलंग होणारं टेबल आणि चार बर्थ: आमच्या ट्रॅव्हलरच्या कामाबद्दल

शाळेच्या ताफ्यातून निघालेली जुनी फोर्स ट्रॅव्हलर मिनीबस आम्ही घेतली तेव्हा एकच गोष्ट ठरलेली होती: आई-बाबांना बरोबर न्यायचं आणि लॉजच्या जिन्यांवर आईच्या गुडघ्यांचे हाल करायचे नाहीत. म्हणजे सहा माणसं झोपली पाहिजेत, दिवसा चारजणांनी समोरासमोर बसून जेवता आलं पाहिजे. आतलं काम पुण्याजवळच्या एका लहान बॉडी वर्कशॉपला दिलं. गाडी वापरून आता आठ महिने झाले. बर्थ आणि टेबल-सीटचं काम कसं झालं, ते लिहिते.

बाबा एसटीच्या दापोडी कार्यशाळेत बॉडी विभागात होते. पहिल्या दिवशी ते खिशात टेप घेऊनच आले. पॅनेलिंगनंतर आतली रुंदी 70 इंच उरणार होती. नवरा सहा फूट उंच, म्हणजे आडवं झोपणं बाद. मागे दोन्ही बाजूंना वर-खाली, 26 इंच रुंदीचे लांबीच्या दिशेने बर्थ आणि मधे 18 इंचांची वाट, हे मिस्त्रींनी तिथेच जमिनीवर खडूने आखलं आणि आईला म्हणाले, "मावशी, यातनं चालून बघा बरं." आई चालली, वळताना तिचा हात अडखळला, तेव्हा वाटेच्या तोंडाशी बर्थचा कोपरा तिरका कापायचं ठरलं. अशी चौकशी करणारा मिस्त्री मिळाला, हे मी या कामातलं सगळ्यात मोठं सुख मानते.

खरी परीक्षा टेबलाची. समोरासमोर दोन बाकडी, प्रत्येकाची खोली 21 इंच, मधे 32 इंच मोकळे. सगळं मिळून 74, म्हणजे सहा फूट दोन इंच. रात्री टेबलाचा पाय काढायचा, फळी भिंतीच्या पट्टीवरून उचलायची आणि दोन्ही बाकड्यांच्या कडेला आत बसवलेल्या लाकडी पट्ट्यांवर ठेवायची. फळी बाकड्यांच्या प्लायला समतल बसते. वर मधल्या जागेत टाकायची गादी कुठून आणायची? तर पाठीच्या दोन गाद्या. प्रत्येकीची उंची 16 इंच, दोन्ही मिळून 32. हे गणित कागदावर पाहिलं तेव्हा मला फार आनंद झाला, कारण वेगळी गादी ठेवायला गाडीत जागाच नव्हती.

पण पहिल्या वेळी पाठीच्या गाद्या 15 इंचांच्या आल्या. शिवणाऱ्याने म्हणे कव्हरच्या शिलाईत इंचभर धरला. मधे दोन इंचांची फट राहिली, आणि ती बरोबर कमरेखाली येते. आम्ही दोघं गणपतीपुळ्याला तीन रात्री त्या फटीवर झोपलो, चौथ्या दिवशी नवऱ्याला गाडी चालवताना सरळ बसवेना. तक्रार केल्यावर वर्कशॉपने गाद्या वाद न घालता बदलून दिल्या, पण मुळात फोमही हलका घातला होता, हे तेव्हाच कळलं. आम्ही 40 डेन्सिटी (फोमचा दाटपणा, घनमीटरला 40 किलो) सांगितली होती. कव्हर उघडल्यावर बाबांनी फोम अंगठ्याने दाबला, तो लगेच वर आला नाही. याबद्दल मात्र मी नाराज आहे. कव्हर शिवून झालं की गिऱ्हाइकाला आतलं दिसत नाही, म्हणून तर ते प्रामाणिकपणे घालायचं असतं. तुम्ही काम देत असाल तर कव्हर चढायच्या आधी जाऊन फोम बघा.

फळीला दोन्ही बाजूंनी एक एक सूत (इंचाचा आठवा भाग) मोकळीक आहे. बाबा म्हणाले होते, "पावसाळ्यात लाकूड फुगतं, घट्ट बसवलंस तर ऑगस्टमध्ये हातोडी लागेल." ऑगस्टमध्ये ती एका हाताने निघाली. पट्ट्यांवर नमद्याची (दाबलेल्या लोकरीच्या जाड कापडाची) फीत चिकटवली आहे, त्यामुळे कुंभार्ली घाटातही खडखड झाली नाही. घाटात गाद्या मात्र वळणावळणाला घसरत होत्या. आता खाली वेल्क्रो लावून घेतलं आहे.

बर्थचा सांगाडा 16 गेजच्या चौकोनी पाइपचा, वर 12 मिमीचा आयएस 710 शिक्क्याचा (पाण्याला टिकणारा, मरीन) प्लाय. 18 मिमी घ्यायचा आमचा आग्रह होता. मिस्त्रींनी नको म्हटलं: 12 मिमीच्या प्लायचा आठ बाय चार फुटांचा तक्ता साधारण 23 किलो, 18 मिमीचा 35 च्या आसपास, खाली दर दीड फुटाला आडवा पाइप दिला की जाड प्लायची गरज नाही. पोरं वर उड्या मारतात, अजून काही वाकलेलं नाही.

खालच्या गादीपासून वरच्या बर्थपर्यंत 25 इंचच मिळतात. मोठ्या माणसाला ताठ बसायला 35 तरी लागतात. आईला रात्री उठून बसावं लागतं, म्हणून तिच्या बाजूचा वरचा बर्थ रेल्वेच्या मधल्या बर्थसारखा करून घेतला: भिंतीला बिजागऱ्या, बाहेरून दोन साखळ्या. दिवसा तो खाली पाडून ठेवतो आणि आई-बाबा त्याला टेकून चहा पितात. धाकटी त्या बर्थवर उशिरा चढते, तोवर आजीचे पाय चेपून होतात. वरच्या दोन्ही बर्थना कठडा आहे, गादीच्या वर पुरता पाच इंच. मोजताना गादी टाकून मोजा. नुसत्या फळीपासून मोजलेला कठडा गादी घातल्यावर निम्माच उरतो.

एक चूक आमची सगळ्यांची. जुलैच्या सहलीनंतर गाद्या उचलल्या तर खालून ओलसर, काळे ठिपके. अंगाची वाफ गादीतून उतरते, थंड प्लायवर दव धरते आणि हवेला वाट नाही. वर्कशॉपने चारही बर्थच्या आणि बाकड्यांच्या प्लायला सहा-सहा इंचांवर इंचभर व्यासाची भोकं पाडून दिली, त्याचे पैसे घेतले नाहीत. त्यानंतर ठिपके आले नाहीत. कोकणात फिरणार असाल तर हे आधीच सांगा.

बसायचं म्हणाल तर गाडी चालू असताना बर्थवर कुणीही नाही, हा आमचा नियम. पुढे तोंड असलेल्या सीटना पट्टे आहेत, प्रवासात सहाही जण तिथेच. आणि कागदपत्रं: मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 प्रमाणे असा बदल आरटीओच्या मंजुरीशिवाय करता येत नाही, कॅराव्हॅनसाठी (आत राहायची सोय असलेल्या गाडीसाठी) एआयएस-124 हे वेगळं मानकही आहे. वर्कशॉपने हे पहिल्याच भेटीत सांगितलं आणि मंजुरीचं पाहिल्याशिवाय कापाकापीला हात लावला नाही. म्हणूनच आमचे दोन महिने जास्त गेले. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

सीट आणि बर्थचे मिळून 1 लाख 85 हजार दिले. पाचपैकी चार तारे देते, एक फोमसाठी कापला. वरच्या बर्थच्या शिडीचा आकडा सैल झालाय, तो पुढच्या शनिवारी घट्ट करून घ्यायचा आहे. मिस्त्रींनी सकाळी दहाला बोलावलंय, बाबाही येतो म्हणाले आहेत.