किडा कोणता हे ठरवायचे कशाने: भिंग, फोन की तज्ज्ञ?

मिरचीची पाने आकसून वाकडी झाली की आपल्याकडे त्याला चुरडा-मुरडा किंवा बोकड्या म्हणतात आणि बहुतेक वेळा पुढचे पाऊल औषधाच्या दुकानाकडे पडते. नाव एकच असले तरी त्यामागची कारणे तीन असू शकतात. फुलकिडे रस शोषत असतील तर पानाच्या कडा वरच्या बाजूला वळतात आणि पान होडीसारखे दिसते. कोळी लागला असेल तर कडा खाली वळतात, होडी उपडी होते, पान अरुंद आणि देठ लांब होत जातो. पांढऱ्या माशीने विषाणू पसरवला असेल तर शेंड्याची पाने बारीक राहून त्यांचा गुच्छ होतो, झाड खुजे राहते आणि अशा झाडाला बरे करणारे औषध नाही. ते उपटून नष्ट करणे आणि माशी आटोक्यात ठेवणे एवढेच हाती उरते. कोळी तर कीटकच नव्हे. त्याला आठ पाय असतात आणि तो जाळे विणणाऱ्या कोळ्यांच्या कुळातला जीव आहे, त्यामुळे फुलकिड्यांसाठी आणलेली अनेक कीटकनाशके त्याच्यावर चालत नाहीत. चुकीच्या औषधाने कोळी खाणारे मित्रकीटक मात्र मरतात आणि कोळी आणखी वाढतो.

कीड ओळखणे ही हौस नसून खर्चाचा आणि जिवाचा प्रश्न आहे, असे मी म्हणतो ते यासाठीच. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्यामागची कारणे अनेक होती, पण टाळता येण्याजोगी प्रत्येक फवारणी टाळलीच पाहिजे, हे त्या हंगामानंतर तरी वेगळे सांगावे लागू नये. म्हणून पुढे ओळखीचे तीन मार्ग शेजारी शेजारी ठेवून पाहिले आहेत. कोणता निवडायचा हे मुख्यतः एकाच गोष्टीवर ठरते: ओळख पटल्यावर तुम्ही नेमके काय करणार आहात?

डोळा आणि भिंग

दहापट मोठे दाखवणारे घडीचे भिंग काही शे रुपयांत मिळते आणि वर्षानुवर्षे टिकते. ते वापरण्याची पद्धत मात्र अनेकांची चुकते. भिंग डोळ्याच्या अगदी जवळ धरायचे आणि पान हळूहळू भिंगाकडे आणायचे; भिंग पानाजवळ आणि डोळा हातभर लांब ठेवला तर धूसर हिरवेपणाखेरीज काही दिसत नाही.

कपाशीचे पान सकाळच्या वेळी अलगद उलटून पाहिले तर रस शोषणाऱ्या चार किडींपैकी तीन चालीवरूनच ओळखू येतात. फिकट हिरवे, पाचरीच्या आकाराचे तुडतुडे तिरके चालत पानाच्या कडेकडे सरकतात. मावा घोळक्याने जागच्या जागी बसून राहतो आणि त्याच्या चिकट स्रावाने खालची पाने चमकतात. पांढरी माशी झाड हलवताच भुरकन उडते आणि पुन्हा येऊन बसते. चौथा फुलकिडा एक-दीड मिलिमीटरचा असल्याने त्याच्यासाठी पांढरा कागद लागतो. कागदावर फूल किंवा शेंडा दोन-चारदा आपटला की पिवळसर किंवा काळपट रेघोट्या पडल्यासारख्या वाटतात आणि क्षणात त्या चालू लागतात. त्यांवर भिंग धरले तर पंखांच्या कडेची केसांची झालर दिसते.

भिंगाचे खरे मोल नावापेक्षा संख्येत आहे. कपाशीत सरासरी एका पानावर 2 ते 3 तुडतुडे किंवा 10 फुलकिडे किंवा 10 मावा आढळले तरच फवारणीचा विचार करावा, असे आर्थिक नुकसानीच्या पातळीचे, म्हणजे किडीचे नुकसान फवारणीच्या खर्चाला मागे टाकू लागते त्या संख्येचे, सर्वसाधारण गणित आहे. गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळ्यात, म्हणजे मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणाऱ्या सापळ्यात, सलग तीन रात्री प्रत्येकी 8 पतंग, किंवा 10 टक्के फुले अथवा बोंडे किडलेली, ही पातळी धरतात. ही मोजणी शेतात फिरूनच होते. फोनला एका पानाचे छायाचित्र मिळते, तज्ज्ञाच्या टेबलावर एक अळी येते. शेतभर किती आहेत हे दोघांनाही दिसत नाही. नीट न उमललेले, पाकळ्या चिकटून गुलाबासारखे मिटलेले फूल, म्हणजे बोंडअळीची खूण असलेली डोमकळी, शोधत ओळीतून चालणे हे पायांचेच काम आहे.

शत्रू आणि मित्र वेगळे करायलाही भिंग पुरते. लाल किंवा केशरी पाठीवर काळे ठिपके असलेला चकचकीत ढालकिडा मावा खातो. त्याच्याच कुळातला, तसाच घुमटाकार पण अंगावर बारीक लव असल्याने निस्तेज तांबूस दिसणारा, 28 ठिपक्यांचा एपिलॅक्ना भुंगेरा वांग्याची पाने खरवडतो आणि मागे शिरांची जाळी ठेवतो. त्यांच्या अळ्यांत तर काहीच साम्य नाही. एपिलॅक्नाची अळी पिवळी आणि फांद्या फुटलेल्या काट्यांची असते. ढालकिड्याची अळी राखाडी-काळी, मधे केशरी डाग असलेली, लांबट आणि चपळ. ही दुसरी अळी दिसायला इतकी उग्र असते की तिलाच आधी मारले जाते. गच्चीवरच्या चवळीवरून मी स्वतः अशा पंधरा-वीस अळ्या वेचून टाकल्या होत्या आणि आठवड्याभरात शेंगा माव्याने काळ्या पडल्या. त्यानंतर वेल पाहताना मी आधी अळी काय खाते आहे ते पाहतो. ती माव्याच्या घोळक्यात तोंड खुपसून बसली असेल तर तिला हात लावत नाही.

भिंगाची मर्यादा मिरचीतच दिसते. तिथला कोळी इतका सूक्ष्म असतो की दहापट भिंगातूनही सरावलेल्या डोळ्यालाच तो जेमतेम दिसतो. तिथे पानाच्या वळणावर, म्हणजे लक्षणावर, विसंबावे लागते.

फोन

फोनवरच्या ओळखीचे दोन प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत करू नये. प्लँटिक्ससारखे ॲप पिकाचे छायाचित्र पाहून रोग किंवा कीड सुचवते, मराठीत चालते आणि उपायही सांगते. केंद्र सरकारची राष्ट्रीय कीड निगराणी प्रणाली 15 ऑगस्ट 2024 रोजी सुरू झाली, तीही याच प्रकारची आहे. दुसरा प्रकार आयनॅचरलिस्टचा. 2008 पासून चालणाऱ्या या व्यासपीठावर आधी संगणक नाव सुचवतो आणि नंतर जगभरचे जाणकार ते तपासतात. नाव देणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशाहून अधिक जणांचे एकमत झाले की ती नोंद पक्की धरली जाते. पहिला प्रकार पिकासाठी आहे, दुसरा कोणताही सजीव ओळखण्यासाठी.

बागेतल्या फुलपाखरांसाठी, पतंगांसाठी, चतुरांसाठी आणि ठळक रंगांच्या भुंगेऱ्यांसाठी मी डोळे झाकून दुसरा प्रकार सुचवीन. लिंबाच्या किंवा कढीपत्त्याच्या पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखे काळे-पांढरे काहीतरी दिसते, ते लिंबू फुलपाखराचे बाळ असते हे भिंगातून पाहूनही नवख्याला कळणार नाही. फोनला बहुधा कळते. ओळख खरी आहे का हे त्या अळीला काडीने हलकेच डिवचून पाहता येते. डोक्यामागून तांबूस-केशरी दुशिंगी अवयव बाहेर येतो आणि उग्र दर्प सुटतो. मोठे झाड असेल तर ती राहू द्यावी, दोन वितीचे रोप असेल तर उचलून मोठ्या झाडावर सोडावी.

फोन चुकतो तो लहान, पिल्लाच्या अवस्थेतल्या आणि एकमेकांसारख्या किड्यांत. पिठ्या ढेकणाचे उदाहरण घ्या. द्राक्षावर आणि पेरूवर हा पांढऱ्या मेणाने माखलेला ढेकूण बसतो आणि त्याला खाणाऱ्या क्रिप्टोलिमस भुंगेऱ्याची अळीदेखील तशाच पांढऱ्या मेणाच्या झिरमिळ्या अंगावर वागवते. छायाचित्रात दोघे सारखेच. प्रत्यक्षात अळी आकाराने मोठी असते आणि डिवचल्यावर झपाट्याने चालू लागते, ढेकूण मात्र जागा सोडायला वेळ घेतो. हालचाल छायाचित्रात उतरत नाही, आणि भक्षकालाच कीड समजून फवारणी केली तर नुकसान दुहेरी होते.

छायाचित्र पाठवायचेच असेल तर एक पुरत नाही. वरून, बाजूने, डोक्याचे जवळून आणि पानाच्या खालच्या बाजूचे असे चार काढावेत, आणि एकात मापासाठी चौकटीचा कागद ठेवावा. फोनने दिलेले नाव म्हणजे संशयित आहे, निकाल नव्हे. त्यासोबत आलेले औषध तर तेवढ्यावर कधीही आणू नये. त्या औषधाच्या लेबलवर तुमच्या पिकाचे आणि त्या किडीचे नाव आहे का, हे आधी वाचावे.

तज्ज्ञ

2018 च्या मे महिन्यात कर्नाटकात शिवमोग्याच्या परिसरात मक्याच्या पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या पानांच्या गुंडाळीत, जी अळी दिसली, ती तोवर भारतात नोंदलेलीच नव्हती. मूळ अमेरिका खंडातली ही नवी लष्करी अळी असल्याचे कीटकशास्त्रज्ञांनी पटवले आणि त्याच वर्षी ती महाराष्ट्रातही येऊन पोहोचली. आधी न पाहिलेली कीड ओळखण्याचे काम भिंग हातात असलेला शेतकरी करू शकत नाही आणि फोनही नाही, कारण फोनला शिकवलेल्या यादीत ते नाव नसेल तर तो यादीतले सर्वांत जवळचे नाव देतो. उलट एकदा तज्ज्ञांनी खुणा सांगितल्या की काम पुन्हा डोळ्याकडे येते. आज मका लावणारे कितीतरी शेतकरी डोक्यावरचा इंग्रजी वाय अक्षराचा उलटा आकार आणि शेपटाकडच्या भागावर चौकोनात मांडलेले चार काळे ठिपके पाहून ही अळी स्वतः ओळखतात. पोंग्यात भुश्यासारखी ओली विष्ठा दिसली तर ते आधी तिथेच पाहतात.

2021 मध्ये आंध्र प्रदेश आणि तेलंगणातील मिरचीच्या फुलांत काळ्या फुलकिड्यांनी मोठे नुकसान केले. फुलकिडा आहे आणि काळा आहे, इतके भिंग सांगते. तो नेमका कोणत्या जातीचा, हे काचपट्टीवर ठेवून सूक्ष्मदर्शकाखालीच ठरते. जात बदलली की तो पानात बसतो की फुलात आणि कोणत्या औषधाला दाद देतो, हेही बदलू शकते.

आपल्याकडे तज्ज्ञ दूर नाहीत. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथील चारही कृषी विद्यापीठांत कीटकशास्त्र विभाग आहेत, कृषी विज्ञान केंद्रे जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत आणि किसान कॉल सेंटरचा 1800-180-1551 हा क्रमांक मराठीत उत्तर देतो. खरा खर्च वेळेचा आहे. नमुना नेणे, माणूस भेटणे, उत्तर येणे यात दोन-चार दिवस जातात आणि पोंग्यातली अळी तेवढ्यात वाढते. म्हणून हा मार्ग तीन प्रसंगी निवडावा: कीड पूर्वी कधी पाहिली नसेल, दोन फवारण्या होऊनही ती हटत नसेल, किंवा पुढचा खर्च तुम्हाला झेपण्यापलीकडचा असेल.

चौथा मार्ग, प्रत्यक्षात सर्वांत रुळलेला, म्हणजे पान घेऊन औषधाच्या दुकानात जाणे. अनेक दुकानदार जाणते असतात आणि अडीअडचणीला तेच उघडे असतात. पण त्यांना पान दिसते, शेत दिसत नाही, आणि उत्तर बाटलीच्या रूपानेच येते. तिथे औषध विकत घ्यावे. ओळख घरून करून जावी.

घरात

घरातला निर्णय बहुधा सोपा असतो. पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती पंखवाले किडे जमतात, तेव्हा एक पकडून पाहावा. चारही पंख सारख्या लांबीचे, कंबर जाड आणि मिशा सरळ मण्यांच्या असतील तर ती वाळवी. पुढचे पंख मोठे, कंबर बारीक आणि मिशा कोपरातून वाकलेल्या असतील तर मुंगी. बाहेरून दिव्यावर आलेली वाळवी फारशी चिंतेची नाही. पण चौकटीच्या फटीतून ती बाहेर पडताना दिसली, किंवा खिडकीपाशी आतल्या बाजूला गळालेल्या पंखांचा थर साचला, तर लाकूड ठोकून पाहावे आणि भिंतीवर मातीच्या नळ्या शोधाव्यात. तांदळातल्या सोंड्याला सोंड असते आणि पाठीवर चार फिकट तांबूस डाग असतात. पिठातल्या तांबड्या भुंगेऱ्याला सोंड नसते. पहिला अख्ख्या दाण्याच्या आत वाढतो म्हणून धान्य कडक वाळवून हवाबंद ठेवावे लागते, दुसरा पिठावर आणि तुटक्या दाण्यांवर जगतो म्हणून डबे आणि चाळणी स्वच्छ ठेवल्यानेच निम्मे काम होते. याला ना फोन लागतो ना तज्ज्ञ.

नमुना न्यायचा असेल तर

तज्ज्ञाकडे अनेकदा चिरडलेली किंवा कुजलेली कीड पोहोचते आणि फेरी वाया जाते. अळी जिवंत न्यायची तर कागद अंथरलेल्या, झाकणाला बारीक भोके पाडलेल्या डब्यात त्याच पिकाच्या पानासह न्यावी. बंद प्लास्टिकच्या पिशवीत पानाला पाणी सुटते आणि अळी एका दिवसात काळी पडते. मारून न्यायची तर आधी उकळत्या पाण्यात बुडवावी, म्हणजे रंग आणि खुणा टिकतात, आणि मग 70 टक्के अल्कोहोलच्या छोट्या बाटलीत ठेवावी. पतंग मात्र अल्कोहोलमध्ये घालू नये, त्याच्या पंखांवरचे खवले निघून जातात; तो कागदाच्या त्रिकोणी घडीत कोरडाच न्यावा. फुलकिडे कागदावर आपटून ओल्या कुंचल्याच्या टोकाने उचलावेत आणि थेट अल्कोहोलमध्ये सोडावेत. चिठ्ठीवर तारीख, गाव, पीक, पिकाचे वय, आधी मारलेले औषध आणि कीड झाडाच्या कोणत्या भागावर होती हे पेन्सिलीने लिहून ती चिठ्ठी बाटलीच्या आतच टाकावी, कारण पेनाची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.