चोवीस तास, पाळी की मीटर? यंत्राचा बंद काळ मोजण्याआधी ठरवायचे तास

कुडाळ एमआयडीसीतलं एक काजू युनिट आहे असं धरा. सोमवार ते शनिवार, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, मध्ये तासभर जेवणाची सुट्टी. शनिवारी दुपारी चारला कटिंग मशीनचं बेअरिंग गेलं. रविवारी दुकान बंद, बेअरिंग सोमवारी सकाळी मिळालं आणि अकराला मशीन पुन्हा फिरू लागलं. मशीन किती वेळ बंद होतं?

घड्याळाप्रमाणे ४३ तास. पाळीप्रमाणे ४ तास: शनिवारचे दोन, सोमवारचे दोन. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. घोटाळा होतो तो पुढच्या भागाकारात. ३० दिवसांचा, चार रविवारांचा महिना घेतला तर घड्याळाचे तास ७२० आणि पाळीचे २६ गुणिले ८, म्हणजे २०८. आता मशीनची उपलब्धता, म्हणजे एकूण तासांपैकी किती टक्के तास मशीन बंद नव्हतं, ती काढून बघा:

| बंद काळ | कशाने भागला | उपलब्धता |
|---|---|---|
| ४३ तास | ७२० | ९४.०% |
| ४ तास | २०८ | ९८.१% |
| ४३ तास | २०८ | ७९.३% |
| ४ तास | ७२० | ९९.४% |

पहिल्या दोन ओळी चालतील. खालच्या दोन चुकीच्या आहेत, आणि प्रत्यक्षात त्याच जास्त सापडतात. फिटर लॉगबुकात 'शनिवार ४ ते सोमवार ११' असं लिहितो, ऑफिसात कुणीतरी ते पाळीच्या तासांनी भागतं, आणि चांगलं मशीन विकायला निघतं. यंत्रसेवा देणारा कंत्राटदार मात्र चौथ्या ओळीने बिल मागतो. म्हणून यंत्र चालायचे तास कोणते, हे बिघाड होण्याआधी ठरवून लिहून ठेवायचं. बिघाड झाल्यावर ठरवलेले तास सोयीचे असतात, खरे नसतात.

चोवीस तासांचा हिशोब

रत्नागिरीच्या मिरकरवाड्यासारख्या बंदराजवळचा बर्फाचा कारखाना असेल, तर फार विचार करू नका. अमोनिया कॉम्प्रेसर, ब्राइनचा (गार मिठाच्या पाण्याचा) पंप, कोल्ड स्टोरेज, ब्लास्ट फ्रीझर यांना रविवार नसतो. जाड लादी गोठायला दिवस-दीड दिवस लागतो, त्यामुळे रात्री दोनला थांबलेल्या कॉम्प्रेसरचा फटका परवा सकाळी बर्फ मागायला आलेल्या बोटीला बसतो. इथे पाळीचे तास लावले तर रात्रीचे सगळे बिघाड कागदावरून गायब होतात.

हिशोबाला ही पद्धत सगळ्यांत सोपी: शेवटची वेळ वजा सुरुवातीची वेळ, संपलं. अडचण आहे ती सुरुवातीची वेळ कळण्याची. रात्री राखणदार एकटाच असेल आणि सकाळी आठला ऑपरेटर येऊन 'बंद दिसला' असं लिहीत असेल, तर सहा तास हिशोबाबाहेर गेले. चोवीस तास मोजायचे असतील तर चोवीस तास बघणारं काहीतरी हवं. ब्राइनच्या टाकीत तापमान नोंदवणारा लॉगर बसवला तरी भागतं. पण तापमान लगेच चढत नाही, गार ब्राइन थोडा वेळ तग धरतं. त्यामुळे लॉगरवरून काढलेली वेळ खऱ्या वेळेपेक्षा उशिराची असते. नेमकी वेळ हवी असेल तर मोटरच्या स्टार्टरवरूनच सिग्नल घ्यावा.

आणखी एक पेच. दोन कॉम्प्रेसर आहेत, एक चालतो, दुसरा राखीव. चालणारा बंद पडला आणि दहा मिनिटांत राखीव सुरू केला. कारखान्याचा बंद काळ दहा मिनिटं, त्या कॉम्प्रेसरचा मात्र दुरुस्त होईपर्यंतचा. दोन्ही खाती वेगळी ठेवा. मालकाला पहिलं कळायला हवं, मेंटेनन्सवाल्याला दुसरं.

पाळीचे तास

कोकणातल्या बहुतेक लहान युनिटांना हीच पद्धत योग्य आहे, असं माझं मत. पण ती दिसते तेवढी सरळ नाही.

सगळ्यांत आधी जेवणाची सुट्टी. कटिंगवरचे कामगार उठले की मशीन थांबतं, तेव्हा तो तास वजा करा. बॉयलर आणि बोर्मा (काजूगर वाळवायची भट्टी) जेवायला जात नाहीत, त्यांचा वजा करू नका. म्हणजे एकाच छपराखाली तासांची दोन कोष्टकं झाली, आणि ती तशीच असायला हवीत. सॉफ्टवेअरमध्ये पूर्ण कारखान्याला एकच कॅलेंडर लावायचा मोह होतो, कारण ते पाच मिनिटांत होतं.

मग सुट्ट्या. सरकारी यादी चिकटवून इथे काम होत नाही. गणपतीत पाच दिवस युनिट ओस असतं, कुणी नोटीस लावो न लावो. शिमग्यात पालखी ज्या गावात असेल त्या गावचे कामगार येत नाहीत, आणि ते दिवस गावागणिक वेगळे. तिथीवर चालणारे हे सण दर वर्षी नव्याने भरावे लागतात. ते भरले नाहीत तर गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी बंद पडलेलं मशीन गौरी-गणपतींचं विसर्जन होईस्तोवर 'बिघडलेलं' राहतं.

ओव्हरटाइमचं उलटं होतं. ऑर्डर आली, युनिट रात्री दहापर्यंत चाललं, आठला मशीन अडकलं. कॅलेंडरमध्ये पाळी सहाला संपते, त्यामुळे दोन तासांचं नुकसान शून्य दिसतं. ओव्हरटाइम ठरला की त्या दिवसाचे तास त्याच दिवशी वाढवायचे, महिनाअखेरीस आठवून नाही.

रात्रपाळी असेल तर एक्सेल दगा देतं. दहा ते सहा या पाळीत शेवटच्या वेळेतून सुरुवातीची वेळ वजा केली की उत्तर ऋण येतं. मध्यरात्र ओलांडली तर एक दिवस मिळवावा लागतो. शिवाय शनिवारची रात्रपाळी रविवारी सकाळी सहाला संपते. रविवार सुट्टी म्हणून खोडला की त्या पाळीचे शेवटचे सहा तास उडतात. एक्सेलमधलं 'नेटवर्कडेज' हे सूत्र दिवस मोजतं, तास नाही, आणि शनिवार-रविवार दोन्ही सुट्टी धरतं. सहा दिवसांच्या आठवड्याला त्याचाच 'इंटल' लावलेला प्रकार (NETWORKDAYS.INTL) वापरावा, त्यात सुट्टीचा वार निवडता येतो.

ऑनलाइन सॉफ्टवेअर घेत असाल तर टाइमझोन आधी तपासा. तो यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेवर राहिला, तर तुमची नऊ ते सहाची पाळी सॉफ्टवेअरच्या लेखी आपल्याकडच्या दुपारी अडीच ते रात्री साडेअकरा अशी होते. सकाळचे बिघाड गायब, रात्री रिकाम्या शेडमध्ये मशीन 'बंद'. विक्रेत्याला डेमोतच विचारा: पाळीचे तास आज बदलले तर मागच्या महिन्याचे आकडे बदलतात का? बदलत असतील तर ते सॉफ्टवेअर हंगामी धंद्याला घेऊ नका. नवे तास अमुक तारखेपासून लागू, जुन्या नोंदी जुन्याच तासांवर, असंच हवं.

तासमीटर

यंत्रावर बसवलेला मीटर यंत्र फिरलं तेवढेच तास दाखवतो. तेल बदलणं, बेल्ट, फिल्टर, ग्रीस यासाठी याहून चांगलं काही नाही. बंद काळासाठी मात्र मीटर एकटा निरुपयोगी आहे. यंत्र बिघडलं म्हणून थांबलं, कच्चा माल नव्हता म्हणून थांबलं, की लाइट गेली म्हणून, हे त्याला कळत नाही. मीटर घ्या, पण पाळीच्या कॅलेंडरच्या जोडीला.

हंगाम

आंब्याच्या कॅनिंगला वरचं काहीच एकटं पुरत नाही. पल्पर (रस काढणारा), केटल (रस तापवणारी), सीमर (डबे सील करणारा) ही यंत्रं एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत दोन पाळ्यांत राबतात आणि नंतर वर्षभर ताडपत्रीखाली. १ एप्रिल ते १४ जून हे ७५ दिवस, रोज १६ तास, म्हणजे १२०० तास. त्यात पल्पर तीनदा बिघडला, तर दोन बिघाडांमधला सरासरी काळ ४०० तास. तेच वर्षाचे ८७६० तास धरले तर २९२० येतात. हा आकडा बघून कुणीही जादा बेअरिंग आणि चाळण्या मागवणार नाही, आणि मेमध्ये आंबा दारात पिकत पडेल.

बर्फाच्या कारखान्यालाही हंगाम आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते आणि कॉम्प्रेसर उघडायला हेच दिवस बरे. ही नियोजित ओव्हरहॉल बंद काळात धरू नका. जपानमध्ये टीपीएमची (सगळ्या कामगारांना सामील करून घेणाऱ्या यंत्रदेखभालीच्या पद्धतीची) मांडणी करणाऱ्या सेइची नाकाजिमा यांच्या हिशोबातही नियोजित थांबे उपलब्धतेच्या भाजकातून आधीच वगळलेले असतात. पण सवलतीला तारीख हवी. ओव्हरहॉल लांबली आणि बंदी उठली त्या दिवशी कॉम्प्रेसर तयार नसेल, तर १ ऑगस्टच्या पहिल्या मिनिटापासून बंद काळ सुरू.

लाइट गेली तर?

पावसाळ्यात हा प्रश्न रोजचा. माझ्या मते वीज नसलेला काळ कारखान्याच्या नुकसानीत धरावा, यंत्राच्या बिघाडात नाही. त्याला कारणाचा वेगळा कोड द्या. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं तेव्हा रायगडात आणि उत्तर रत्नागिरीत कित्येक दिवस वीज नव्हती. तो काळ यंत्रांच्या माथी मारला तर त्या वर्षीच्या आकड्यांचा कशाशीच ताळमेळ लागत नाही.

जनरेटरचे तास कोणते? तो ज्याला वीज देतो, त्याचे. कोल्ड स्टोरेजला जोडलेला असेल तर चोवीस तास. तो महिन्यात दहाच तास फिरला असेल, पण बॅटरी उतरल्यामुळे आठवडाभर सुरूच होऊ शकला नसता, तर तो आठवडाभर बंद होता. त्यासाठी आठवड्यातून एकदा चालवून बघा आणि तारीख लिहा.

कंत्राटात काय लिहायचं

वार्षिक देखभालीच्या करारात '९८ टक्के उपलब्धता' एवढंच लिहिलेलं असेल तर सही थांबवा. चोवीस तासांच्या हिशोबाने ३० दिवसांत १४.४ तास बंद ठेवायची मुभा मिळते, वरच्या २०८ तासांच्या हिशोबाने जेमतेम ४ तास १० मिनिटं. बंद काळ कोणत्या तासांत मोजायचा आणि कोणत्या तासांनी भागायचा, दोन्ही एकाच कलमात लिहून घ्या. कंत्राटदाराने किती वेळात यायचं हे मात्र घड्याळाच्या तासांतच ठेवा. शनिवारी संध्याकाळी पाचला फोन केला आणि करारात 'पाळीचे आठ तास' असं असेल, तर त्याला सोमवारी दुपारी पाचला यायची मुभा मिळते. घड्याळाच्या आठ तासांत त्याला शनिवारी मध्यरात्रीनंतर एकपर्यंत यावं लागेल. ते जमणार नसेल तर चोवीस तास लिहा, म्हणजे रविवारी दुरुस्ती होऊन सोमवारी नऊला मशीन सुरू होईल. पावसात घाट बंद होतात, कोल्हापूरहून येणारा माणूस अडकतो. ती सवलत तो मागणारच. द्या, पण घाट बंद असल्याची तारीख-वेळ त्याने त्याच दिवशी कळवायची, या अटीवर.