टफन्ड की लॅमिनेटेड काच?

टफन्ड, म्हणजे तापवून झटकन थंड केलेली काच, साध्या काचेच्या चार-पाच पट मजबूत. पण फुटली की अख्खी काच बोथट तुकड्यांचा सडा होऊन खाली येते. बाथरूमच्या दाराला ते चालतं. डोक्यावरच्या छताला किंवा गॅलरीच्या कठड्याला नुसती टफन्ड अजिबात नको!

लॅमिनेटेडमध्ये दोन काचांमध्ये पीव्हीबी या पारदर्शक प्लास्टिकचा थर असतो, बहुधा ०.३८ मिमीच्या पटीत. तडे जाळ्यासारखे पसरतात, तुकडे मात्र थराला चिकटून राहतात. शिवाय आवाज कमी येतो, अतिनील किरणं जवळपास सगळी अडतात. फक्त कडेला पाणी साचू देऊ नका, थर सुटून पांढुरका होतो.

कठड्याला मी दोन टफन्ड काचांचं लॅमिनेटच सुचवेन. भोकं मात्र टफनिंगआधीच पाडून घ्या, नंतर ड्रिल लागलं की काच फुटलीच.