मीटरवर ७२ हजार, खरं रनिंग २ लाख ३८ हजारांच्या पुढे: जुन्या सात सीटर गाडीत आमची झालेली फसवणूक

आम्ही घेतलेल्या जुन्या सात सीटर गाडीच्या मीटरवर ७२ हजार किलोमीटर होते. ती निदान २ लाख ३८ हजार चालली होती, तीही भाड्याने. एवढ्यावर भागलं असतं तर पैसे बुडाले म्हणून आम्ही गप्प बसलोही असतो. पण त्या गाडीला कधीतरी मागून जबर धडक बसली होती. मागचा भाग कापून, दुसऱ्या गाडीचा तुकडा जोडून, वरून रंग मारून ती आम्हाला ‘घरगुती वापराची, एकाच हातातली, बिनअपघाती’ म्हणून विकली गेली. त्या जोडावरच्या तिसऱ्या रांगेत आमची पोरं बसत होती. हे लिहायचं कारण तेच.

घरात आई-बाबा, आम्ही दोघं, आमची दोन मुलं आणि आमच्याकडेच राहणारी पुतणी. सात जणांना एका गाडीत न्यायचं आणि पैसे मोजकेच, म्हणून जुनी गाडी. मोजक्या पैशांत सात सीटर शोधणाऱ्याने एक गोष्ट आधीच डोक्यात ठेवावी: या गाड्या भाड्याच्या धंद्यात फार चालतात. घरगुती गाडी वर्षाला साधारण १० ते १५ हजार किलोमीटर फिरते. भाड्याची गाडी तेवढं काही महिन्यांत उरकते, तेही माणसं भरून आणि टपावर सामान लादून. धंद्यातून उतरलेली अशी गाडी स्वस्तात उचलायची, मीटर मागे घ्यायचं, सीटवर नवी कव्हरं चढवायची, की ती ‘फॅमिली कार’ म्हणून पुन्हा बाजारात उभी. भाड्याच्या गाडीत गैर काही नाही. सगळं सांगून, त्या भावात कुणी विकली तर घेणाऱ्याने जरूर घ्यावी. लपवून विकणं ही चोरी आहे.

विकणारा मध्यस्थ होता, पण बोलायचा घरच्यासारखा. “भाऊ, आमच्या थोरल्याची गाडी आहे. मुलं शिकायला बाहेर गेली, आता एवढी मोठी गाडी दारात उभीच असते.” आम्ही पोचलो तेव्हा गाडी धुऊन, पुसून, सुरू करून ठेवलेली होती. बॅटरी चांगली राहावी म्हणून रोज सुरू करतो, म्हणाला. खरं कारण आता कळतं. गरम इंजिन एका चावीत सुरू होतं आणि शांत चालतं. झिजलेल्या इंजिनाची खडखड आणि सायलेन्सरमधून येणारा निळसर धूर दिसतो तो रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी पहिल्यांदा सुरू करताना. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय.

चारही टायर नवे कोरे होते. “तुमच्यासाठीच टाकलेत, दोन वर्षं बघायला नको.” याचं आम्हाला कौतुक वाटलं. पुढे मेकॅनिकने सांगितलं की टायर नवे टाकण्यामागे मेहरबानी नव्हती. मागची चाकं सरळ रेषेत नसतील तर टायर एका कडेने झिजतात आणि ती झीज गाडीची सगळी कहाणी सांगते. नव्या टायरवर अजून काही लिहिलेलंच नसतं.

तिसरी रांग पाडून ठेवली होती आणि डिकीत नवं मॅट कडेपर्यंत चिकटवलेलं होतं. सीट उभी करून बघू म्हटल्यावर तो स्वतःच पुढे झाला, सीट उभी केली, आमच्या धाकट्याला उचलून तिथे बसवलं आणि म्हणाला, “काढा फोटो, आजीला पाठवा.” त्या माणसाला त्या सीटखाली काय आहे ते माहीत होतं. मला आजही सगळ्यात जास्त संताप येतो तो या एका गोष्टीचा.

आम्ही गाडी मेकॅनिकला दाखवायची म्हटलं, तर त्याने छापील तपासणी रिपोर्टच पुढे केला. इंजिन ओके, बॉडी ओके, अपघात नाही, खाली सही-शिक्का. तो रिपोर्ट त्याच्याच ओळखीच्या गॅरेजचा होता. संध्याकाळी दुसरी पार्टी येतेय, टोकन देऊन ठेवा, हेही ओघाने आलंच. कागदपत्रं सगळी जागेवर होती. मालकाचं नाव खरं, गाडीवर कर्ज नाही, इंजिन नंबर जुळतो. अशा फसवणुकीत कागद नीट असतात, लोखंड खोटं असतं.

काही महिन्यांत मागचा डावा टायर आतल्या बाजूने गुळगुळीत झाला. पहिल्या जोरदार पावसात डिकीत ओल आली, मॅटखाली हात घातला तर स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी साचलेलं. आणि एक दिवस पुतणी म्हणाली, “काका, माझा बेल्ट ओढला तरी अडकतच नाही.” सीट बेल्ट झटक्याने ओढला की जागच्या जागी लॉक व्हायला हवा. हा सैल दोरीसारखा येतच राहिला.

दुसऱ्या एका अनुभवी मेकॅनिकने गाडी लिफ्टवर चढवली, डिकीतलं मॅट उपटलं आणि मला टॉर्च धरायला लावली. कारखान्यात गाडीचे पत्रे जोडताना ठरावीक अंतरावर ठिपक्यांसारखे वेल्ड पडतात, गोल, एकसारखे, एका ओळीत. उजवीकडे ते ठिपके होते. डावीकडे त्यांच्या जागी वेल्डिंगची जाडीभरडी सलग रेघ होती, वर ग्राइंडरचे ओरखडे आणि त्यावर ब्रशने थापलेलं सीलंट, म्हणजे जोडाच्या फटी बुजवायचा लेप. त्याने नख रुतवलं तर ते मऊ लागलं. उजवीकडचं मूळ सीलंट तसं नव्हतं. मग त्याने माझा हात धरून खालच्या चॅसीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, पट्टीवरून फिरवला. एका ठिकाणी बोटांना घडी लागली, चेमटलेलं लोखंड ओढून सरळ केल्याची. तिसऱ्या रांगेच्या बेल्टचा बोल्ट जिथे जाडजूड मजबुतीच्या पट्टीत बसायला हवा, तिथे तो जोडलेल्या पातळ पत्र्यात आवळलेला होता. “साहेब,” तो म्हणाला, “हा बेल्ट दप्तर धरेल. पोराला धरणार नाही.”

सात सीटर गाडीत हे इतकं गंभीर का, ते नीट समजून घ्या. पाच सीटर गाडीत मागून धडक बसली तर आधी डिकी चेपते, मग माणसं. सात सीटरच्या बहुतेक लहान मॉडेलांत शेवटच्या रांगेमागे जेमतेम दोन पिशव्या मावतील एवढीच जागा असते. तिथे बसणाऱ्याचं डोकं मागच्या काचेपासून हातभरही लांब नसतं. त्या थोड्याशा जागेतलं लोखंड धडक पचवेल असं डिझाइन केलेलं असतं. ते एकदा चेपलेलं, कापलेलं आणि घाईने जोडलेलं असेल तर त्याचा भरवसा संपला. आणि घरातली सगळ्यात लहान माणसं आपण तिथेच बसवतो, कारण मोठ्यांचे गुडघे तिथे मावत नाहीत.

मीटरचा खोटेपणा स्कॅनरने, म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरच्या नोंदी वाचणाऱ्या यंत्राने, उघडा पडला. गाडीत मीटरशिवाय इंजिन, ब्रेक, एअरबॅग यांचे वेगवेगळे कॉम्प्युटर असतात. बऱ्याच गाड्यांत बिघाडाची नोंद होताना त्या वेळचं रनिंगही साठवलं जातं. मीटर मागे घेणारा समोर दिसणारा आकडा बदलतो. सगळ्या कॉम्प्युटरपर्यंत त्याचा हात पोचतोच असं नाही. आमच्या गाडीच्या एबीएसमध्ये, म्हणजे ब्रेकच्या कॉम्प्युटरमध्ये, एक जुना बिघाड नोंदलेला होता, २ लाख ३८ हजारांवर. मेकॅनिकने सीट कव्हर सोडवलं तर खाली ड्रायव्हर सीटचा कडेचा फोम पूर्ण बसलेला. टपावर, रंगाखाली, कॅरियरचे ठसे हाताला लागत होते.

विकणाऱ्याला फोन केला. आधी “असं होणारच नाही”, मग “गाडी बघून, चालवून घेतलीत ना”, मग फोन बंद. आमच्या करारनाम्यात एक ओळ होती: ‘गाडी जशी आहे तशी, तपासून व समाधान झाल्यावर घेतली.’ त्याने दिलेला शब्द, घरगुती वापर, बिनअपघाती, ७२ हजार, यातलं काहीही कागदावर नव्हतं. जाहिरातीत होतं, ती त्याने काढून टाकली होती. नशिबाने बायकोने जाहिरातीचे आणि चॅटचे स्क्रीनशॉट जपले होते, तक्रार उभी राहिली ती त्यांच्या जोरावर. पैसे अजून परत आलेले नाहीत.

आता गाडी बघायला जाणाऱ्यांसाठी. सगळे जण बॉनेटपासून सुरुवात करतात, आणि विकणाराही बॉनेटच चकचकीत ठेवतो. सात सीटर गाडी मागून बघायला लागा. डिकीतलं मॅट उचला, चिकटवलेलं असेल तर उचलायची परवानगी मागा. स्टेपनी बाहेर काढून खड्ड्यातलं पाणी, गंज, सुरकुतलेला पत्रा बघा. डावी आणि उजवी बाजू ताडून बघा. कारखान्यातून दोन्ही सारख्याच निघतात. तिसऱ्या रांगेचे सगळे बेल्ट शेवटपर्यंत ओढा, झटका देऊन लॉक होतात का बघा. बेल्टवर बनवल्याची तारीख असलेलं लेबल असतं. एकाच बेल्टची तारीख गाडीपेक्षा नवी असेल तर का बदलला ते विचारा. पूर्ण ओढलेल्या बेल्टच्या आतल्या टोकाला चिखलाचे डाग असतील तर गाडी पुरात बुडालेली असू शकते. सीटची पाठ उभी केल्यावर खटका दोन्ही बाजूंनी बसतो का, तेही हलवून बघा. सगळ्या काचांच्या कोपऱ्यात कंपनीचा छाप असतो. एखादीच काच वेगळी निघाली तर ती बाजू आणखी बारकाईने तपासा. काच दगडानेही फुटते, त्यामुळे एवढ्यावरून निकाल लावू नका, पण पुढचा प्रश्न विचारा.

रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र मिळतं, अनेक मेकॅनिककडे असतं. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १८० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) भरतो. एखाद्या पॅनलवर आकडा हजाराच्या घरात गेला तर खाली पुट्टी आहे. टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते: ३५१९ म्हणजे २०१९ सालचा ३५वा आठवडा. सगळे टायर नवे असतील तर जुने कुठे आहेत ते विचारा, आणि चाकांचं अलाइनमेंट स्वतःच्या पसंतीच्या दुकानात करून छापील आकडे घ्या.

स्कॅनर लावताना फक्त इंजिन वाचणारा स्वस्तातला नको, ब्रेक आणि एअरबॅगचे कॉम्प्युटरही वाचणारा हवा. ‘एकही बिघाड नाही’ असं दिसलं तरी रेडिनेस मॉनिटर बघायला सांगा. नोंदी नुकत्याच पुसल्या असतील तर हे मॉनिटर अपूर्ण दिसतात, कारण काही काळ चालल्याशिवाय गाडीच्या स्वतःच्या चाचण्या पुऱ्या होत नाहीत. बॅटरी काढली तरी तसं होतं, म्हणून दोन-चार दिवस गाडी चालवून पुन्हा दाखवा म्हणा. चावी ऑन केल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझायला हवा. लागतच नसेल तर तो मुद्दाम बंद केला असण्याची शक्यता आहे. चॅसी नंबर १७ अक्षरांचा असतो. काचेखालची पट्टी, दाराचा स्टिकर, चॅसीवरचा ठोकलेला नंबर, जिथे जिथे सापडेल तिथे कागदाशी जुळवा. मालकाच्या संमतीने त्याच नंबरावर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून जुन्या नोंदी बऱ्याचदा मिळतात. संमती द्यायला मालक का-कू करत असेल तर मी ती गाडी तिथेच सोडेन.

आणि सातही जणांना घेऊन एक फेरी मारा. सरासरी ७० किलो धरले तरी हे ४९० किलो होतात. रिकामी गाडी चढावर पळते. भरलेली गाडी मागे किती बसते, क्लच घसरतो का, ब्रेक दाबल्यावर गाडी किती लांब जाऊन थांबते, शेवटच्या रांगेपर्यंत एसी पोचतो का, हे भरल्यावरच कळतं.

बजेटचं म्हणाल तर सगळे पैसे गाडीतच घालू नका. टायर, बॅटरी, ब्रेक, टायमिंग बेल्ट, सगळी तेलं यांसाठी किमतीचा निदान दहावा हिस्सा हाताशी ठेवा. चकचकीत पण इतिहास नसलेल्या गाडीपेक्षा दोन वर्षांनी जास्त जुनी, साध्या मॉडेलची, पण प्रत्येक सर्व्हिसचं बिल असलेली गाडी मी घेईन. आणि सात जण वर्षातून मोजक्याच वेळा एकत्र जाणार असतील तर चांगली पाच सीटर घ्या आणि त्या दिवसांपुरती मोठी गाडी भाड्याने आणा. आम्ही आता तेच करतो.

घेताना करारनाम्यात तीन गोष्टी लिहून मागा: गाडीचा सांगाडा अपघातात दुरुस्त झालेला नाही, मीटर खरं आहे, गाडी भाड्याने चाललेली नाही. ज्याने गाडी घेऊन झाली आहे आणि आता शंका येतेय, त्याने दुरुस्तीला हात लावण्याआधी लिफ्टवरचे फोटो, स्कॅनरचा छापील रिपोर्ट आणि मेकॅनिकचं सही केलेलं म्हणणं घ्यावं. एकदा वेल्ड पुन्हा उघडलं की मूळ काय होतं हे सिद्ध करता येत नाही. आणि सांगाडा तपासून होईपर्यंत तिसऱ्या रांगेत कुणालाही बसवू नका.