उन्हाळी संशोधन: कॅनडा की ओकिनावा?

नांदेड-लातूरकडच्या कॉलेजातून उन्हाळ्यात परदेशी प्रयोगशाळेत जायचं म्हटलं की फिरून फिरून तीन नावं पुढं येतात: जर्मनीची 'डाड वाइज' शिष्यवृत्ती, कॅनडाची मिटॅक्स ग्लोबलिंक इंटर्नशिप आणि जपानचं ओआयएसटी, म्हणजे ओकिनावातली विज्ञान-तंत्रज्ञान संस्था. जर्मनीसाठी तिथल्या प्राध्यापकाचं निमंत्रणपत्र आधी आपणच मिळवायचं. ढीगभर मेल टाकून उत्तराची वाट बघायची चिकाटी असेल तर जरूर बघा. खरा पेच उरलेल्या दोघांत.

विमानभाडं आणि राहण्याची काळजी दोन्हीकडं घेतली जाते. मिटॅक्समध्ये प्रकल्पांची यादीच समोर येते. शहरं मोठी, देशी किराणा हाताशी. ओआयएसटी मात्र ओकिनावा बेटावर ओन्ना नावाच्या गावात, टेकडीवर. बेटावर मोनोरेल आहे, पण ती नाहा-उरासोए या शहरांच्या पुढं येतच नाही. शाकाहारी माणसाचे तर हालच. साध्या सूपलाही मासळीचा अर्क. मी मेतकूट आणि शेंगदाण्याच्या चटणीवर निभावलं.

तरी मी ओकिनावाच धरलं, आणि त्याला कारण आमची परीक्षा. मेमध्ये संपायची म्हणून जाहीर झालेली परीक्षा जूनमध्ये रेंगाळते. पेपर पुढं ढकलल्याचं परिपत्रक आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर येतं. लेखी उरकली तर प्रॅक्टिकलला बाहेरचे परीक्षक येईनात. अशा वेळी तिकीट कोणत्या तारखेचं काढायचं? मिटॅक्सचे १२ आठवडे म्हणजे १२च. जूनअखेर निघालं तरी परतायला सप्टेंबर उजाडतो, तोवर इकडं हजेरीचे तीनतेरा. ओआयएसटीत २ ते ६ महिने चालतात आणि तारीख प्रयोगशाळेशी बोलून ठरते. १५ ऑक्टोबरपर्यंतचा अर्ज पुढच्या एप्रिल ते सप्टेंबरसाठी, १५ एप्रिलपर्यंतचा ऑक्टोबर ते मार्चसाठी. उन्हाळा हुकला तर शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला जाता येतं. भत्ता माझ्या वेळी दिवसाला २४०० येन होता. जेवणखाण भागायचं, चैन नाही.

कॅनडाला जाऊन आलेला माझा मित्र हे सगळं ऐकून हसेल. त्याचं कॉलेज स्वायत्त, एप्रिलमध्येच मोकळं. तुमचंही तसं असेल तर मिटॅक्सला नाव ठेवायला जागा नाही. नसेल, तर ओआयएसटीच्या ऑक्टोबरातल्या अर्जासाठी शिफारसपत्र देणाऱ्या सरांना सप्टेंबरातच गाठा. दसऱ्याच्या सुट्टीत ते गावाकडं असतात आणि तिथं रेंज नसते.