शुक्रवारी दोन, सोमवारी एक: एअरबीएनबीच्या किमान मुक्कामाबद्दल

सदाशिव पेठेतला सासूबाईंचा वन बीएचके मी एअरबीएनबीवर (घर रात्रीच्या हिशोबाने भाड्याने देण्याचं अ‍ॅप) चालवते. तिसरा मजला, लिफ्ट नाही. नवीन होस्ट भेटले की सगळे भाड्याचंच विचारतात. हातात किती उरतं ते मात्र किमान मुक्कामाच्या, म्हणजे पाहुण्याने कमीत कमी किती रात्री घ्यायच्या त्या, सेटिंगवर ठरतं, म्हणून रिव्ह्यू फक्त त्या सेटिंगचा.

पाहुणा एक रात्र राहो की चार, मागचं काम तेवढंच. मावशींचे ५०० रुपये, चादरी-अभ्रे-टॉवेल लाँड्रीत, आणि किल्ली द्यायला तीन जिने चढायचे ते मीच. एका रात्रीत त्यातून काय सुटणार? म्हणून 'सरसकट तीन रात्री ठेव' असा सल्ला हमखास मिळतो. पुण्यात तो अंगाशी येतो. आठवड्याच्या मधल्या दिवसांत आमच्याकडे येतो तो फिरायला आलेला नसतो. कोणाची मुलाखत, कोणाची कोर्टात तारीख, कोणाला लेकीला हॉस्टेलवर सोडायचंय. त्यांना एकच रात्र हवी असते. किमान तीन ठेवलं की एका रात्रीसाठी शोधणाऱ्याला तुमचा फ्लॅट दिसतच नाही, आणि कोण येता येता राहिलं हे तुम्हालाही कळत नाही.

या सेटिंगमधली खरी कामाची सोय म्हणजे चेक-इनच्या वारानुसार वेगळा आकडा ठेवता येतो. माझं रविवार ते गुरुवार एक, शुक्रवार-शनिवार दोन. नियम लागतो तो ज्या वारी पाहुणा उतरतो त्या वाराला, पुढच्या रात्रींना नाही. समजा गुरुवारी कोणी उतरलं आणि दोन रात्री राहिलं. आता शनिवार सुटा पडला. शनिवारी किमान दोन, त्यामुळे एकट्या शनिवारसाठी बुकिंग होत नाही, आणि सोमवारी ऑफिस असल्यामुळे रविवारची रात्र जोडून घेणारे विरळा. अशा वेळी कॅलेंडरमध्ये तेवढी तारीख निवडून तिथे एक करायचं. दोन मिनिटांचं काम आहे. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत उरकतं.

हे आपोआप करून देणारं एक टूलही मी महिना पैसे भरून वापरलं (नाव लिहीत नाही). त्याने मोकळी रात्र दिसली म्हणून ऐन अनंत चतुर्दशीला एका रात्रीचं बुकिंग उघडलं. पाहुणे ट्रॉली बॅगा घेऊन अलका टॉकीजच्या चौकात गर्दीत अडकले, आणि मला फोनवर गल्ल्या सांगत बसावं लागलं. त्या टूलला पेठा माहीत नाहीत. बंद केलं.

गणपतीचं गणित आता मी हातानेच करते. मिरवणूक मंडईतून सकाळी निघते ती दुसऱ्या दिवशीपर्यंत चालते. म्हणून चतुर्दशीच्या आदल्या दिवशी उतरणाऱ्याला किमान तीन. खुद्द चतुर्दशीच्या तारखेला सात ठेवते. तेवढ्या बोलीवर त्या दिवशी कोणी उतरत नाही.

कमाल मुक्कामाचा रकानाही तिथेच आहे, तो मोकळा सोडू नका. पेठेत एमपीएससीवाल्या मुलांना महिन्याच्या बोलीवर जागा हवीच असते. पण २८ रात्रींपासून दीर्घ मुक्कामाचे रद्द करण्याचे नियम वेगळे लागतात, आणि मला भाडेकरू नको आहे. म्हणून माझं कमाल २७. सात रात्रींवर आठवड्याची सवलत देते, ती डिसेंबरात लग्नाला अमेरिकेहून येणाऱ्यांना बरी पडते.

सेटिंगला पाचपैकी साडेचार. अर्धा कापला, कारण मोबाइलवर वारांचे आकडे सापडेपर्यंत तीन पडदे उघडावे लागले. नवीन असाल तर सुरुवातीला सगळ्या वारांना किमान एक रात्र ठेवा. ३ रिव्ह्यू आल्याशिवाय तारे दिसत नाहीत, आणि एकेका रात्रीचे पाहुणे ते लवकर मिळवून देतात. तेवढे दिवस मावशींना जरा जास्त द्या.