जहाजाची म्हणून विकलेली सहल

जळगाव-भुसावळकडे हल्ली पेन्शनर मंडळींचे क्रूझचे ग्रुप निघू लागलेत. कुणाचा मुलगा सिडनीला, कुणाची पुतणी मेलबर्नला. मग एवढं तिकीट काढून जातोच आहोत तर जहाजातूनही हिंडून येऊ, असा हिशेब असतो. आमच्या घरातूनही आई-वडील, मावशी-काका आणि सोबतीला मी असे गेलो. जहाजाबद्दल तक्रार नाही. बुडवलं ते एजंटाने, आणि तेही जमिनीवर.

जहाज बंदराला लागलं की दिवसभराच्या सहली असतात, त्यांना शोअर एक्स्कर्शन म्हणतात. एजंटाने मेलबर्नची एक सहल आमच्या गळ्यात मारली. "जहाज कंपनीचीच आहे काका, फक्त जहाजावर घेतली तर महाग पडते. माझ्याकडे कोटा आहे." त्यात पफिंग बिली ही जुनी वाफेची आगगाडी, यारा व्हॅलीत वाईन टेस्टिंग आणि हील्सव्हिल सँक्च्युअरीत कोआला, कांगारू, प्लॅटिपस. वाईनशी आमच्यातल्या निम्म्यांचा काही संबंध नव्हता, पण दादा, म्हणजे माझे वडील, आगगाडीवर भाळले. ते भुसावळला रेल्वेत फायरमन म्हणून लागले आणि ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले. पफिंग बिलीचा गेज, म्हणजे रुळांमधलं अंतर, 762 मिलिमीटर, आपल्या पाचोरा-जामनेरच्या छोट्या गाडीचा, पीजेचाच. पफिंग बिलीची लाइन 1900 साली सुरू झाली, 1953 ला दरड कोसळून अडली आणि बंद पडली. हौशी लोकांनी 1962 पासून ती टप्प्याटप्प्याने पुन्हा चालू केली. पीजे बंद झाल्यापासून हळहळणाऱ्या माणसाला आणखी काय सांगायला हवं? एजंटाने नेमकं हेच हेरलं होतं.

मेलबर्नला जहाज स्टेशन पिअरला लागतं. बाकीचे लोक सकाळी छातीवर नंबराचे स्टिकर लावून जहाजाच्या बसमध्ये बसले. आम्हाला मात्र मेसेज आला, "गेटच्या बाहेर या, पांढरी गाडी." ती मिनीबस साडेदहाला उगवली. तिन्ही ठिकाणं पाहायची तर पूर्ण दिवस लागतो. आगगाडी सुटते त्या बेलग्रेव्हला नुसतं पोचायलाच तासभर, तिथून लेकसाइडपर्यंत आगगाडीचा जवळपास एक तास, पुढे हील्सव्हिल आणखी लांब. साडेदहाला निघणाऱ्याला यातलं काही करायचंच नव्हतं, हे उघड आहे.

बेलग्रेव्हच्या जरा पुढे ड्रायव्हरने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि हिंदीत सांगितलं, आज टोटल फायर बॅन आहे, म्हणजे वणव्याच्या भीतीने आग पेटवायला बंदी, वाफेची गाडी बंद, इथेच फोटो काढा. सकाळपासून झिमझिम पाऊस. मावशीने डोक्यावर पदर घेतलेला. समोर रस्त्यावरून जाणारा लाकडी पूल होता, उंच खांबांचा. आम्ही त्याच्याखाली उभे असताना शिट्टी ऐकू आली. दादांनी मान वर केली. पुलावर इंजिन आलं, मागे लाल डबे, कठड्यावर बसून पाय बाहेर सोडलेली माणसं आम्हालाच हात हलवताहेत. वाफ खाली आमच्या अंगावर आली. दादा ड्रायव्हरकडे वळले आणि मराठीतच म्हणाले, "मंग हे काय डिझेलवर चालू राह्यलं का रे?" त्याला शब्द कळला नसेल, पण तो मोबाइलमध्ये डोकं घालून बसला.

नंतर मावसभावाने सगळं उलगडून सांगितलं. टोटल फायर बॅन तिथली कंट्री फायर अथॉरिटी जाहीर करते आणि तो त्यांच्या वेबसाइटवर कुणालाही दिसतो. त्या दिवशी तसं काही नव्हतं. असला, तरी पफिंग बिली डिझेल इंजिन लावून चालवतात. खरी गोष्ट एवढीच की आमच्या नावाची तिकिटं काढलेलीच नव्हती.

वाईन टेस्टिंग म्हणजे एका बाटल्यांच्या दुकानात कागदी कपातला घोट. यारा व्हॅली पिनो न्वार आणि शार्डोनेसाठी नावाजलेली आहे, तिथे मळ्यातच बसवून चव देतात. आम्हाला द्राक्षाचा वेल दिसला तो गाडीच्या काचेतून. वन्यप्राणी म्हणजे एका पार्किंगमधले पांढरे काकाकुवे. सँक्च्युअरीचं नाव काढलं तर म्हणे ट्रॅफिक आहे, जहाज चुकेल.

ही भीती मात्र खरी होती. जहाजाच्या स्वतःच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं किंवा कंपनी पुढची सोय करते. बाहेरच्या गाडीसाठी कुणी थांबत नाही. आम्ही कसेबसे वेळेत पोचलो. टूर डेस्कवरच्या मुलीने आमचं व्हाउचर उलटसुलट करून पाहिलं आणि शांतपणे सांगितलं की हे आमचं नाही. तुमच्या खोलीच्या नावावर एकही सहल बुक नाही.

मला विचाराल तर खरी फसवणूक ही. काकाकुवे दाखवले, कागदी कप दिला, हे एक वेळ चिंधीगिरी म्हणून सोडून देता येईल. पण सत्तरीतल्या माणसांना 'जहाजाचीच आहे' सांगून बाहेरच्या गाडीत घालायचं, म्हणजे त्यांना परक्या देशात बंदरावर राहण्याच्या धोक्यात टाकणं. अधिकृत सहल असेल तर ती जहाज कंपनीच्या ॲपमध्ये तुमच्या बुकिंगखाली दिसतेच. एजंटासमोर बसूनच ॲप उघडा. 'निघायच्या आधी अपडेट होईल' असं उत्तर आलं तर पैसे देऊ नका. पफिंग बिली आणि सँक्च्युअरी या दोन्हींची तिकिटं ज्याच्या त्याच्या वेबसाइटवर आधीच काढता येतात. तारीख असलेलं तिकीट हातात मागा.

परत आल्यावर आणखी एक पोल उघडी पडली. परदेशी टूर पॅकेजवर टीसीएस, म्हणजे विकतानाच गोळा करायचा कर, म्हणून एजंटाने रक्कम घेतली होती. हा पैसा तुमच्या पॅनवर सरकारकडे भरला जातो आणि 26एएस या प्राप्तिकर खात्याच्या उताऱ्यात दिसतो. आमच्या चौघांच्याही 26एएसमध्ये शून्य. पैसे फर्मच्या खात्यात न घेता एका खासगी यूपीआयवर का मागितले, त्याचं कोडं तेव्हा सुटलं.

जळगावच्या ऑफिसात त्याने चहा मागवला आणि "पुढच्या टूरमध्ये ॲडजस्ट करतो" म्हणाला. लेखी मागितलं तर मोबाइलवरचा टूरचा ग्रुपच डिलीट केला. काकांनी आधीच सगळे मेसेज, व्हाउचर, पुलाखालचा व्हिडिओ जपून ठेवला होता, ते बरं झालं. पुलावरून वाफ सोडत जाणारी गाडी, तारीख-वेळेसकट, याहून चांगला पुरावा कुठला मिळणार!

1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली, मग जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दिली. 2019 च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, मेलबर्नचं प्रकरण म्हणून कुणी परत पाठवत नाही. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. मुदत दोन वर्षांची. त्याच ग्रुपमधल्या इतरांनाही आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते. धरणगाव आणि चाळीसगावचे जे लोक आमच्यासोबत त्या पांढऱ्या गाडीत होते, त्यांनी आपल्या यूपीआयच्या पावत्या काढून ठेवाव्यात आणि 26एएस आजच तपासावा.